खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण दूधवाल्याची किंवा पोस्टमनची नव्हे. मी डोंगरावर चालवायची सायकल. माझी चाकं जाड, टायरना खोल खाचा, पुढे दणके झेलणारे दोन दांडे आणि दोन्ही चाकांच्या मध्याशी एकेक उघडी, चकचकीत पोलादी तबकडी. तिला सगळे डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड त्या डिस्कला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण ह्या तबकडीवरूनच घडलं.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. एका कारखान्यात नळ्या जोडून माझी चौकट झाली, दुसऱ्याच ठिकाणी तिला रंग लागला, आणि खोक्यात सुट्या भागांनिशी बसून मी वाकडच्या एका दुकानात आले. तिथल्या कारागिराने मला जोडून उभी केली. आत्मवृत्तात जन्माच्या वेळी आनंदीआनंद झाला असं सांगायची पद्धत आहे, पण तो कारागीर तेव्हा फोनवर कुणाशी तरी भांडत होता. त्याचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते मुकुंदरावांनी. ते माण गावात एका उंच सोसायटीत राहतात आणि तिथल्याच आयटी कंपनीत नोकरी करतात. सायकल घेतली की पोट उतरेल असा त्यांचा हिशेब होता, पण पोटाला तो मान्य झाला नाही. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. माझे फोटो निघाले, ते सगळ्या नातेवाइकांना गेले, मला पुसायला वेगळं पिवळं फडकं आलं. मग कामं वाढली आणि मी गॅलरीत गेले. माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. कबुतरांनी सीटवर ठाण मांडलं. वर्षभराने मुकुंदरावांना पुन्हा सायकलीची हौस आली, तेव्हा त्यांनी स्वतःला एक आणि मुलीला, अनुयाला, एक अशा दोन नव्या सायकली आणल्या. मला कुणी मारलं-झोडलं नाही, नुसतं विसरलं. पण त्याचंही वाईट वाटतं, मित्रांनो.

एके दिवशी अनुयाबरोबर तिची कॉलेजातली मैत्रीण घरी आली. तिचं नाव दिव्या. दोघी बारावीला. दिव्याने चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत पाऊल टाकलं आणि चहा तसाच राहिला. तिने कबुतर हाकललं, माझं पेडल उलटं फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काका, ही कुणाची?"

"कुणाचीच नाही आता," मुकुंदराव म्हणाले. "तुला हवी तर घेऊन जा. टायर मात्र बदलून घे."

टायरबद्दल ते बोलले, ब्रेकबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना ते बोलण्यासारखं वाटलंच नाही.

अशी मी पिंपरीत संत तुकाराम नगरला आले. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि माझी जागा बाहेर जिन्याखाली. दिव्याचे आईवडील मूळचे धाराशिवकडचे. वडील मालोजी चाकणजवळ महाळुंग्याला एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर काम करतात. आई यशोदाबाई शिवणकाम करतात. फुकट वस्तू घरात घ्यायची म्हणजे यशोदाबाईंना अवघड वाटलं, म्हणून त्यांनी मुकुंदरावांकडे धपाट्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत आला तेव्हा कुठे त्यांनी मला नीट पाहिलं.

पण दिव्या डोंगरावर जाणार, हे काही त्यांच्या पचनी पडेना. "आमच्याकडं डोंगरावर शेरडं जातेत, पोरी न्हाई," त्या म्हणाल्या.

"शेरडांना हेल्मेट नसतं, आई," दिव्या म्हणाली.

मालोजी हसले आणि परवानगी मिळाली. अट एकच, मुकुंदराव बरोबर असतील तरच जायचं. तेव्हापासून सुट्टी मिळाली की त्यांच्या गाडीच्या पाठीमागे तीन सायकली बांधून आम्ही बाहेर पडू लागलो. कधी देहूरोडच्या मागची टेकडी, कधी तळेगावच्या बाजूची पायवाट, पण जास्त करून चाकणच्या पुढचा एक डोंगर. गुरं जाऊन-येऊन पडलेल्या तिथल्या वाटा सायकलला फार छान. दिव्या घरात अभ्यास करताना पाहावी तर सारखी घड्याळ बघणारी. डोंगरावर तिला घड्याळ आठवत नसे. तिला ह्या वाटांचं वेड लागलं होतं, आणि ते मला आवडलं होतं. गॅलरीत बसलेल्या सायकलीला दुसरं काय हवं असतं?

आता मालोजींविषयी. त्यांच्या कंपनीत एक रीत आहे. मोठी सुट्टी लागली की आदल्या दिवशी प्रत्येकाने आपलं मशीन पुसायचं आणि जिथे जिथे उघडं, चकचकीत लोखंड दिसेल तिथे तेलाचा हात फिरवायचा. नाहीतर सुट्टीवरून येईपर्यंत गंजाचे ठिपके पडतात. मालोजींच्या मशीनवर असा ठिपका कधी कुणी पाहिलेला नाही. नवीन मुलांना सुपरवायझर सांगतात, बघा, मालोजीभाऊंचं मशीन बघा. हे कौतुक त्यांनी घरी कधी सांगितलं नसेल, पण त्यांच्या बरोबर बसने येणारे खंडू जिन्याशी उभे राहून सांगत, म्हणून मला ठाऊक.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. शुक्रवारी खंडेनवमी. कंपनीत मशिनं बंद करून त्यांना हळदकुंकू, झेंडू, नारळ असं सगळं यथासांग झालं, आणि मालोजी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन लवकर घरी आले. घरातल्या हत्यारांची पूजा व्हायची होती. पाटावर विळी, कात्री, नट फिरवायचे पाने, पक्कड असं सगळं मांडलं. यशोदाबाईंचं शिलाई मशीन पुसून ठेवलं होतं. मग मालोजींनी मला जिन्याखालून बाहेर काढलं.

मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं. त्यांनी ओल्या फडक्याने चिखल काढला, जुन्या ब्रशने साखळीच्या कड्या घासल्या, प्रत्येक आरा वेगळा पुसला. मग तेलाची कुपी घेतली. साखळीला थेंब थेंब तेल सोडलं. ते बरोबरच होतं. मग त्यांची नजर डिस्कवर गेली. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मोटारसायकलचे ब्रेक चाकाच्या आत झाकलेले आहेत. असली उघडी तबकडी त्यांच्या हाताखाली कधी आलीच नव्हती.

"एवढं चांगलं पोलाद उघडं ठेवलंय," ते यशोदाबाईंना म्हणाले. "दवानं गंजून जाईल की."

आणि त्यांनी कापडाचा बोळा तेलात बुडवून दोन्ही डिस्कवर फिरवला. आतून, बाहेरून. सावकाश, एकही जागा न सोडता. मला कळत होतं. पण सायकलीला बोलता येत नाही. ती फक्त चालते किंवा अडते. मग मला हळदकुंकू लागलं, हँडलला झेंडूचा हार आला आणि मी पाटाशेजारी उभी राहिले.

एरवी दिव्या रोज संध्याकाळी मला कॉलनीत दोन फेऱ्या मारून आणते. त्यातच कळलं असतं. पण त्यांच्या घरी पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. शनिवारी सोनं वाटणं, पाहुणे, श्रीखंड ह्यातच दिवस गेला. रविवारी सकाळी मुकुंदरावांची गाडी आली, आणि मी हारासकट गाडीच्या पाठीवर चढले.

डोंगराच्या पायथ्याशी मुकुंदरावांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचे ब्रेक तपासले. म्हणजे लिव्हर दाबून पाहिली. ती घट्ट होती. दिव्याने हार काढून झाडाच्या फांदीला अडकवला आणि आम्ही चढायला लागलो. चढावर ब्रेक लागतोच कशाला? वाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकी पिवळीधमक फुलली होती, गवत कमरेएवढं झालं होतं. वर पोचल्यावर खाली कारखान्यांची निळी-पांढरी छपरं दिसत होती. दिव्याने अनुयाला बोट करून पप्पांची कंपनी दाखवली. चुकीचं छप्पर दाखवलं असावं, पण तिला खात्री होती.

उतार सुरू झाला. मुकुंदराव पुढे, मग अनुया, शेवटी आम्ही. पहिल्या वळणाआधी दिव्याने ब्रेक दाबला. माझ्या पॅडनी डिस्क धरली आणि ती त्यांच्यातून सरळ निसटून गेली. दिव्याने जोरात दाबला. मी किंचाळले, पण थांबले नाही. ती वाट खाली एका मुरमाच्या रस्त्याला मिळते आणि त्या रस्त्यावर खडीचे डंपर धावत असतात. त्यांचा आवाज येत होता. दिव्याने एकदा खाली पाहिलं, अनुयाच्या बाजूने मला कशीबशी काढलं आणि रस्ता यायच्या आत मला करवंदीच्या जाळीत घातलं. मुद्दाम घातलं. दुसरा उपाय नव्हता.

दिव्याची हनुवटी फाटली होती आणि डावं मनगट भराभर सुजत होतं. अनुया रडत होती, दिव्या नव्हती. मुकुंदरावांनी तिला सावलीत बसवलं, मग माझ्याकडे वळले. चाक फिरवलं, डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"ह्याला तेल कुणी लावलं?"

दिव्याने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. तिला तत्काळ समजलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. घरी मला कुणी पुसलं होतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

"मीच लावलं, काका," ती म्हणाली. "गंजू नये म्हणून."

मुकुंदराव घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस रागावतो. "अगं, सायन्सला आहेस ना तू? घर्षण शिकवतात ना तुम्हाला? खाली डंपर आला असता तर मी तुझ्या आईवडिलांना काय सांगणार होतो?" जरा वेळाने ते शांतपणे म्हणाले, "ह्यापुढे मी तुला आणणार नाही. ही जबाबदारी मला झेपायची नाही." मालोजींची अट तुम्हाला आठवत असेल. मुकुंदराव नाहीत म्हणजे डोंगरही नाही.

दवाखान्यात हनुवटीला टाके पडले, हाताला प्लास्टर चढलं. घरी दिव्याने सांगितलं की दगडावरून चाक घसरलं. यशोदाबाई तिच्यासाठी मऊ खिमट करायला गेल्या. मालोजी मात्र माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी माझा एकेक भाग हलवून पाहिला. पॅडपर्यंत त्यांची दृष्टी गेली नाही, कारण तिथे काही बिघडेल असं त्यांच्या मनातच नव्हतं.

"हिच्यातच कायतरी खोट हाय," ते म्हणाले. "गुरुवारी सुट्टी हाय मला. भंगारवाल्याला बोलवतो."

मला भंगाराचं फारसं भय नव्हतं. लोखंड लोखंडात जातं. पण खोट माझ्यात आहे असं ठरवून मला न्यायला निघाले, हे मला लागलं. आणि दिव्या ओठ मिटून उभी होती. तिची अडचण मला कळत होती. खरं सांगावं तर आयुष्यभर मशीन जपलेल्या बापाला सांगायचं, की तुमच्या हाताने मी जाळीत गेले. न सांगावं तर सायकल गेली, डोंगर गेला. तिने डोंगर सोडायचं ठरवलं. मला त्याचा राग आला आणि तिच्याबद्दल मायाही वाटली, दोन्ही एकदम.

बुधवारी संध्याकाळी मालोजी कंपनीतून आले आणि जिन्याशीच थांबले. दिव्या पायरीवर बसली होती.

"काय ग, त्या अनुयाची सायकल पण अशीच हाय का? अशा चकत्या चाकाला?"

"हो. का?"

"उद्या आणून दे म्हणावं तिला. मी चांगली पुसून, तेल-पाणी करून देतो. साहेबांना कुठं सवड असती? तुझ्यासारखं तिचं नको व्हायला."

दिव्या उठून उभी राहिली.

"पप्पा, तिला तेल लावू नका."

"का बरं?"

"डिस्कला तेल लावायचं नसतं. ती कोरडीच ठेवायची असते. पॅड तिला घट्ट धरतात, म्हणून चाक थांबतं. तेल असलं की धरतच नाहीत."

मालोजींनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसले, माझ्या डिस्कला बोट लावलं आणि वास घेतला. ते तेल त्यांच्या ओळखीचं होतं.

"दगड नव्हता तर," ते म्हणाले.

"नव्हता. पण तुम्हाला माहीत नव्हतं, पप्पा. तुम्ही गंजू नये म्हणूनच..."

"साहेबांना काय सांगितलंस?"

"मी लावलं म्हणून."

"मग ते काय म्हणले?"

"काही नाही."

"दिव्या."

"परत नेणार नाही म्हणाले."

मालोजी तसेच उकिडवे बसून होते. दिव्याला वाटलं ते रडतील, मलाही वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, मालोजींचं आलं.

"साहेब, मालोजी बोलतोय, दिव्याचा पप्पा. हां, बरी हाय ती. एक सांगायचं होतं. ते तेल मी लावलं होतं. पोरीनं न्हाई... न्हाई न्हाई, तिनं माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं. मला ठावं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण हात माझाच. तिला न्यायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. तिला बोल मात्र ठेवू नका, तो माझ्या नावावर घ्या."

मग ते ऐकत राहिले आणि दोनदा नुसतं "व्हय" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी दिव्याच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढं सगळं एकटीच पोटात घेऊन बसायलीस होय," ते म्हणाले. तेव्हा कुठे दिव्या रडली. गुरुवारी भंगारवाला आला, त्याला यशोदाबाईंनी एक फुटकी बादली देऊन वाटेला लावलं.

मुकुंदराव स्वतः आले, नव्या पॅडची पुडी घेऊन. चहा घेताना ते मालोजींना म्हणाले, "चूक माझीही आहे, मालोजीराव. सायकल देताना मीच सांगायला हवं होतं. टायरचं सांगितलं आणि मोकळा झालो. हात बरा झाला की दिव्याला मी पुन्हा नेईन." मालोजींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. दोघांनी जिन्याखाली बैठक मारली. मुकुंदरावांनी डिस्क स्पिरिटने पुसायची कशी ते दाखवलं. बाकी सगळं मालोजींनी केलं. दिव्या प्लास्टरचा हात छातीशी धरून शेजारी बसली होती आणि मालोजी प्रत्येक वेळी कुपी उचलली की तिला विचारत होते, "हितं लावू?"

प्लास्टर निघालं, मनगटात बळ आलं, आणि आम्ही पुन्हा त्याच डोंगरावर गेलो. ह्या वेळी मालोजीही आले. वर चढले नाहीत. म्हणाले, मी खालीच थांबतो. वाट जिथे मुरमाच्या रस्त्याला मिळते, तिथे बरोबर मध्ये जाऊन ते उभे राहिले.

दिव्या वरून निघाली. शेवटच्या वळणानंतर ते आम्हाला दिसले. मुकुंदराव आधीच खाली पोचले होते. ते ओरडले, "मालोजीराव, बाजूला व्हा!"

"राहू द्या, साहेब," मालोजी म्हणाले. "पॅड मी बसवलेत."

दिव्याने ब्रेक दाबला. पॅडनी डिस्क धरली, मुरूम उडाला, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबले. ते जागचे हलले नव्हते. त्यांनी वाकून माझ्या डिस्ककडे हात नेला.

"पप्पा, हात नका लावू. उतरून आल्यावर ती भाजते."

त्यांनी हात मागे घेतला आणि दिव्याकडे पाहून हसले. "हे बी आधी सांगत जा," ते म्हणाले.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. आम्हा वस्तूंना नीट ठेवा, गॅलरीत टाकून देऊ नका. पण नुसत्या मायेवर भागत नाही. जी वस्तू हाताळाल, तिला काय चालतं आणि काय चालत नाही, हे जाणत्याला विचारा. तुम्ही स्वतः जाणते असाल, तर विचारायची वाट न पाहता सांगा. आणि ज्याने मायेपोटी चूक केली, त्यालाही सांगाच. त्याला वाईट वाटेल. पण मग तो मालोजींसारखा वाटेच्या टोकाशी उभा राहू शकेल.